करवंट्यांचा घोडा

भुसावळला निघताना माझ्या यादीत पाच कामं होती. आबांच्या पेन्शनसाठी हयातीचा कागद, त्याला जोडायचं डॉक्टरांचं पत्र, दोन झेरॉक्स, धुळ्यात न मिळालेलं एक मलम आणि दोनची परतीची बस. साडेअकराला चार कामांवर फुली पडली. आबा म्हणजे माझे वडील जिवंत आहेत, हे आता वर्षभरासाठी कागदावर पक्कं झालं. अडीच तास शिल्लक राहिले आणि त्यांचं काय करायचं, ते यादीत नव्हतं.

म्हणून मी रेल्वे कॉलनीकडे चालू लागले. अठ्ठावीस वर्षांत गेले नव्हते. रस्ता विचारावा लागला नाही. कडुनिंबाच्या दोन रांगा, लाल विटांची बैठी क्वार्टर्स, यार्डातून येणारं लोखंडाचं करकरणं. पूर्वी इथल्या हवेला कोळशाचा वास होता. दोरीवरच्या कपड्यांना, दह्याच्या भांड्याला, शाळेच्या वहीलाही तो येई. आता निंबोळ्यांचा येत होता. आमच्या क्वार्टरला दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या. व्हरांडा होता. शहाबादी फरशी तशीच, मधोमध तडा गेलेली. तड्याच्या अलीकडे आम्ही मुलं बसायचो आणि पलीकडे अमेरिका होती.

मी पायरीवर बसले. बसल्यावर लक्षात आलं, की मी व्हरांड्याकडे पाठ करून बसले आहे. सावलीकडे तोंड करून बसायला हरकत नव्हती, पण शरीर आपोआप तसं बसलं.

मग मागून आवाज आला. टक-टक, टक. टक-टक, टक.

कुणाची तरी शेळी आतल्या खोलीतून व्हरांड्यात आली असणार. फरशीवर खुरं वाजत होती, इतकंच. पण माझ्या अंगावर काटा आला, कारण गेले तीन आठवडे मी हाच आवाज ऐकत होते आणि मला तो कळला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी चहा पिताना आबांच्या हातातून कप निसटला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून मी त्यांना धुळ्याला माझ्या घरी आणलं, पुढची खोली रिकामी केली, लोखंडी कठड्याची कॉट भाड्याने घेतली, औषधांचं वेळापत्रक भिंतीला लावलं. दिवसभरासाठी सुमनबाई मिळाल्या. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. कुठली गोष्ट कुठल्या फायलीत आहे हे विचारायला माझ्याकडे लोक येतात. आबांना काय हवंय हे मात्र मला सापडेना.

ते डाव्या हाताच्या बोटांनी कॉटच्या कठड्यावर वाजवत. सकाळी थोडं, संध्याकाळी फार. दोन ठोके जवळजवळ, मग एक, मग पुन्हा दोन. मग थांबत. थांबून माझ्याकडे बघत. त्या बघण्यात राग नसे. आपण दिलेल्या हाकेला ओ येण्याची माणूस जशी वाट बघतो, तसं ते असे.

"ताई, आबा बठ्ठा दिन ठोकी राह्यनात," सुमनबाई मी दारात पाय ठेवताच सांगत. "पानी दिधं, नही. पंखा लावा, नही. त्यास्ले काय पाहिजे शे, माले समजत नही."

मी एक तक्ता केला. चोवीस चौकोन. पाणी, चहा, लघवी, दुखतंय, गरम होतंय, खिडकी, देव, पेपर. प्रत्येकात चित्र. दवाखान्यातल्या मुलीने सुचवलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. आबांनी पहिल्या दिवशी तक्ता नीट बघितला, सगळे चौकोन वाचले, मग डाव्या हाताने हळूच बाजूला सारला आणि कठड्यावर वाजवलं. टक-टक, टक.

"हे यात नाही का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. माझी मुलगी परीक्षेत नापास झाली असती, तर मीही बहुधा असेच मिटले असते.

आबा गार्ड होते, मालगाडीचे. गाडीच्या शेपटाला त्यांचा डबा. आणि त्याच गाडीच्या डोक्याला बहुतेक वेळा अर्नेस्ट काका, इंजिन ड्रायव्हर, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले. तेव्हाच्या भुसावळात अशी अँग्लो-इंडियन घरं बरीच होती. रविवारी त्यांच्याकडून केकचा वास यायचा आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधून नाचाचं संगीत. आबा असोद्याचे, केळीच्या मळ्यात वाढलेले. या दोघांची मैत्री कशी झाली कुणास ठाऊक. आई म्हणायची, की एकाच गाडीवर असून यांनी ड्यूटीत एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. ते खरंच होतं. मधे मालाच्या साठ वाघिणी. एकाची शिट्टी, दुसऱ्याची झेंडी नाहीतर दिवा. शिट्टी लांब की आखूड, एक की दोन, यावरून आबांना कळायचं की पुढे अर्नेस्ट काका काय करताहेत, एवढंच नाही, तर त्यांचा मूड काय आहे. "आज घरून भांडून आला," ते शेपटाच्या डब्यात बसून ओळखायचे म्हणे.

अर्नेस्ट काकांकडे एक ग्रामोफोन होता आणि त्यांच्या वडिलांना मोठ्या लढाईच्या दिवसांत अमेरिकन सोल्जरांनी जाताना देऊन टाकलेल्या तबकड्यांचं खोकं. त्यात गाणारे काऊबॉय होते. घोड्यावर बसून, गुरं हाकत, गिटार वाजवत गाणारे. मला तेव्हा याचं काहीच नवल वाटलं नाही. आमच्याकडेही गुराखी गायचेच, फक्त ते चालत जायचे. आणि त्या खोक्यात नाटकंही होती, नुसती ऐकायची. अर्नेस्ट काका सांगायचे, की तिकडे एके काळी संध्याकाळी अख्खं घर रेडिओभोवती बसायचं. रेडिओत घोडा धावायचा, पूल कोसळायचा, बाई किंचाळायची, आणि हे सगळं एका खोलीत चार माणसं भांडीकुंडी घेऊन करायची.

"भांडीकुंडी?" आबांनी विचारलं असणार. मी तिथे नव्हते, पण विचारलं असणार. कारण पुढच्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

दोघांची सुट्टी जुळली, की संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी व्हरांड्यात रेडिओ लागायचा. रेडिओ म्हणजे तेच दोघं. आबा फरशीवर गुडघे टेकून, पुढ्यात सामान मांडून. अर्नेस्ट काका वेताच्या मोड्यावर गिटार घेऊन. आणि कॉलनीतली आम्ही दहा-बारा मुलं तड्याच्या अलीकडे, त्यांच्याकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून. हा नियम होता. रेडिओत कुणाला घोडा दिसत नाही, म्हणून इथेही कुणी बघायचं नाही.

"जिसने पलट के देखा, उसका घोड़ा मर गया," अर्नेस्ट काका दर वेळी आधी बजावायचे.

आणि मी, वय वर्षं नऊ, रांगेच्या टोकाला उभी राहून कोण कुठे बसलंय, कुणाची मान वाकडी होतेय, हे बघायची. मला कुणी नेमलं नव्हतं. "आमचा टीसी आला," आबा म्हणायचे. "तिकीट दाखवा रे सगळे."

मग सुरू व्हायचं. आधी वारा. रेशमी साडी सुपाच्या कडेवरून ओढली, की माळावरचा वारा सुटतो. मग खोगीर करकरायचं. ती गार्डाच्या चामडी पिशवीची वादी होती, पिळलेली. मग दूरवरून घोडा. नारळाच्या दोन करवंट्या. आधी सरकीच्या पोत्यावर, म्हणजे मऊ मातीत, मग फरशीवर, म्हणजे खडकात. टक-टक, टक. आबा बोलायचे मराठीत. घोडेस्वार, सावकार, विधवा, लुटारू, सगळे आबाच. घोडेस्वाराला नाव नव्हतं. नुसता 'गडी'. तो सातपुड्यासारख्या कुठल्याशा डोंगरातून शेकडो गुरं घेऊन निघालेला असायचा आणि ती दुसऱ्या टोकाला पोचवायची असायची. रोज काहीतरी आडवं यायचं.

आग लागायची तेव्हा आबा वाळलेलं केळीचं पान मुठीत चुरगाळायचे. असोद्याहून खास पोतं भरून आणलेलं. आजही वाळल्या पानाचा तो तुरट वास आला, की माझ्यासाठी अमेरिकेत वणवा पेटतो. पाऊस म्हणजे सुपात फिरणारी तूर. एकदा पावसाने फारच जोर धरला, तर आतून आई आली.

"हे काय घोडे नाचवू राहिले तुम्ही? माही तूर सांडली सगळी."

"अमेरिकेत पाऊस पडू राहिला," आबा म्हणाले, "चार दाणे सांडतीनच."

"मंग अमेरिकेतच जेवा आज."

आम्ही पाठ करून हसत होतो. अर्नेस्ट काकांनी त्या संध्याकाळी त्या संवादाचं एक कडवं केलं आणि विधवेच्या तोंडी घातलं. आईला ते कळलं. दुसऱ्या दिवशी तिने जुनी, किडकी तूर वेगळ्या डब्यात काढून व्हरांड्यात ठेवली. डब्यावर मी चिठ्ठी लावली: पाऊस.

यार्ड जवळ होतं, त्यामुळे मधेच खरी गाडी यायची आणि दोन मिनिटं काही ऐकू येत नसे. आबा चिडायचे. अर्नेस्ट काका नाही. "गाडी आ गई तो गाडी डालो स्टोरी में." आमच्या अमेरिकेत म्हणूनच दर दहा मिनिटांनी मालगाडी जायची आणि गुरं बुजायची.

आबांचा हात कधी चुकायचा. करवंटी निसटायची. मग अर्नेस्ट काकांचा आवाज: "अरे पाटील, तुम्हारा घोड़ा लंगड़ा है क्या? तीन पांव का सुनाई देता है."

"नाल पडला त्याचा," आबा तत्परतेने म्हणायचे, आणि पुढची पाच मिनिटं गडी घोड्यावरून उतरून नाल शोधायचा.

शेवट मात्र रोज एकच. नदी. संध्याकाळ होत आलेली, गुरं दमलेली, आणि समोर नदी. घोडा काठापाशी येऊन थांबायचा. पाण्यात उतरायचा नाही. नुसता एक खूर आपटायचा. टक. थांबून पुन्हा, टक. आबा गप्प. आम्ही गप्प. अंगणातल्या कडुनिंबावर साळुंक्यांचा कालवा. आणि मग अर्नेस्ट काका गायचे.

ते गाणं मला सांगता येत नाही. शब्द इंग्रजी होते आणि मला कळत नव्हते. चाल संथ होती, मधे एक जागा अशी यायची, की आवाज घसरून वर जायचा, कुणी दरीत हाक मारावी तसा. भेदरलेली गुरं शांत व्हावीत म्हणून गडी गातो, एवढं आबांनी आम्हाला सांगितलं होतं. गाणं संपत आलं, की आबा पितळी घंगाळात हात घालायचे. पहिल्यांदा हळूच, एक पाय. मग चारही. मग शेकडो गुरं. पाण्याचा खळखळाट व्हरांडाभर. आणि पलीकडच्या काठावर पुन्हा फरशी, टक-टक, टक. संपलं. आम्ही वळायचो तेव्हा तिथे दोन घामाघूम माणसं असायची, ओल्या फरशीवर बसून विड्या पेटवत.

एकदा मी विचारलं, "काका, हे गाणं कुठल्या तबकडीवर आहे?" मी तबकड्यांची यादी करत होते. खोक्यातल्या सगळ्या लिहून झाल्या होत्या आणि हे त्यात नव्हतं.

"ये रेकॉर्ड का नहीं है, टीसी साब. ये मेरा है."

मी वहीत 'इतर' असं लिहिलं.

आवाजांचीही यादी होती. वारा, आग, खोगीर, बंदूक. बंदूक म्हणजे टेबलाच्या कडेवर लाकडी पट्टी. आबांच्या मनात रुळांवर लावायचा धोक्याचा फटाका वापरायचा होता, तर आईने तीन दिवस अबोला धरला. सगळं लिहिलं होतं, फक्त गडगडाट राहिला होता. ढग गडगडायचे तेव्हा नेमकं काय वाजतं हे पाठमोरं बसून कळेना. पत्रा म्हणावा तर पत्र्याचा वाटेना. परात म्हणावी तर घरची परात जागेवर होती. ती एक ओळ रिकामी राहिली आणि मला रिकामी ओळ सहन होत नसे. अजूनही होत नाही.

म्हणून मी वळून पाहिलं.

काय वाजत होतं ते मला आठवत नाही. बघायला वळले ते बघितलंच नाही. मी आबांना पाहिलं. गार्डाची पांढरी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, बनियन घामाने चिकटलेलं, डोळे मिटलेले, आणि चेहरा. हा चेहरा आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. जेवताना, शाळेच्या फीची चिठ्ठी वाचताना, आईशी बोलताना आबा वेगळे होते. ते तेव्हा कुठेतरी खूप दूर, मोकळ्या माळावर होते, आणि त्यांना परत यायचं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. मी वळलेली त्यांनी पाहिली. करवंट्या हवेत थांबल्या.

"मेला घोडा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. आबाही हसले. "टीसीनेच नियम मोडला, आता दंड कोण घेणार?" म्हणाले. पण त्या संध्याकाळी घोडा पुन्हा पहिल्यासारखा पळाला नाही. मला तसं वाटलं तरी. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

पुढच्या हिवाळ्यात अर्नेस्ट काकांचं सामान बांधलं गेलं. ते सगळे समुद्रापलीकडे कुठेतरी गेले. तिकडे त्यांचे भाऊ होते. मोठ्यांनी कारणं सांगितली असतील. मला एकच कारण ठाऊक होतं, माझं वळून बघणं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

जाताना त्यांनी आबांना एक तबकडी दिली. भली मोठी, ताटाहून मोठी, कुठल्याच ग्रामोफोनवर न बसणारी. तिकडच्या रेडिओ स्टेशनात वाजवायची असे ती. त्यात एक पूर्ण नाटक होतं म्हणे, जे अर्नेस्ट काकांनी किंवा त्यांच्या वडिलांनीही कधी ऐकलं नव्हतं. "मशीन मिल जाएगा कभी," ते म्हणाले. आबांनी ती कपाटावर ठेवली. वैशाखात आईने ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घातल्या. पाटांवर, चारपाईवर, जुन्या धोतरावर, आणि जागा पुरेना तेव्हा त्या मोठ्या काळ्या गुळगुळीत थाळीवर. चिकटत नाहीत, छान सुटतात, म्हणाली. भुसावळच्या उन्हात दुपारपर्यंत ती तबकडी फुगल्या पुरीसारखी वाकली. आबा संध्याकाळी ड्यूटीवरून आले. त्यांनी एकेक बिबडी काळजीपूर्वक काढून सुपात ठेवली, तबकडी पुसली आणि खिळा ठोकून भिंतीला लावली. आई दारात उभी होती. आबा एवढंच म्हणाले, "चांगल्या वाळल्या." मला वाटतं, आईला ते वाक्य जन्मभर पुरलं.

पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग नाही. व्हरांड्यात रेडिओ पुन्हा लागला नाही. मुलं मागे लागली तेव्हा आबा म्हणाले, "ड्रायव्हर नाही, गाडी कशी हलणार?"

दोनची बस मी पकडली. जळगावच्या पुढे रस्त्यालगत केळीचे मळे लागले, काही बागा कापणी होऊन उभ्या वाळत होत्या. खिडकी उघडी होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी पिशवीतून कागद काढला आणि नवी यादी केली. एक, गाणं शोधणे. दोन, करवंट्या. सोपं वाटत होतं. निदान आता काय हवंय ते माहीत होतं.

गाण्यापासून सुरुवात केली. फोनवर गाणारे काऊबॉय हजारोंनी सापडतात. मी रकाने आखले: क्रमांक, चाल संथ की जलद, आबांची प्रतिक्रिया. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, उशाशी फोन धरून एकेक गाणं लावलं. आबा प्रत्येक गाणं सुरू झालं की मान किंचित उचलायचे. दहा-बारा सेकंद ऐकायचे. मग मान उशीवर टेकायची. एका गाण्यात आवाज तसाच घसरून वर गेला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मी श्वास रोखला. मग त्यांनी हात सोडला.

"ताई, हाऊ तो नही शे," सुमनबाई म्हणाल्या. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या गाण्याला मला आठवलं. ये मेरा है.

खरं तर ते मला बसमध्येच आठवायला हवं होतं. मी स्वतःच लिहिलं होतं वहीत, 'इतर'. ते गाणं कुठल्याही तबकडीत नाही, फोनमध्ये नाही, कुठल्याच माणसाने कुठेच साठवलेलं नाही. ते एका माणसाच्या गळ्यात होतं, आणि तो गळा असलाच तर समुद्रापलीकडे नव्वदीच्या घरात असेल. आणि ते आबांच्या कानात आहे, तिथून ते बाहेर येण्याचा रस्ता बंद झालेला. ज्या दहा-बारा मुलांनी ते ऐकलं, त्यांच्यापैकी मला एकच ठाऊक आहे. ती त्या वेळी रांग सरळ आहे का ते बघत होती.

मी रकान्यांचा कागद घडी करून ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सुमनबाईंनी नारळ फोडला. मी दोन्ही करवंट्या घासून कोरड्या केल्या. कॉटच्या बाजूला स्टूल सरकवून त्यावर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला, मागच्या अंगणातला. एक करवंटी आबांच्या डाव्या हातात दिली. दुसऱ्या करवंटीकडे त्यांनी बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो चादरीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"चालेल, आबा," मी म्हणाले. "नाल पडलाय त्याचा."

त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग मी कॉटकडे पाठ करून खाली फरशीवर बसले. सुमनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बाई, तुम्हीपण इकडे तोंड करून बसा."

"काब्र?"

"बघायचं नसतं."

त्या माझ्याशेजारी बसल्या, पदर सारखा करून, देवळात बसतात तशा. खिडकीतून साडेपाचचं ऊन समोरच्या भिंतीवर आलं होतं. तिथे ती वाकडी तबकडी लावलेली आहे. आबांना माझ्याकडे आणताना त्यांचे कपडे आणि ती, एवढंच मी बरोबर आणलं होतं.

मागून घोडा निघाला. लंगडत, एका पायाचा. टक. टक. मग जरा जोर आला. करवंटीची कड फरशीवर, मग पालथी, मग कड. एका हातानेच दोन-दोन ठोके. टक-टक, टक. मी डोळे मिटले. माळ होता, दगडगोटे होते, गुरांची धूळ होती. कितीतरी वेळ तो चालत राहिला. मधे रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तर घोडा थांबला, ट्रॅक्टर जाऊ दिला आणि पुन्हा निघाला. ते ऐकून मला हसू आलं.

मग चाल मंदावली. ऊन भिंतीवरून सरकून तबकडीपर्यंत पोचलं होतं. घोडा थांबला.

टक.

"ताई," सुमनबाई कुजबुजल्या, "पानी पेवाले थांबना का घोडा?"

"नाही. गाण्यासाठी थांबलाय. गाणं झाल्याशिवाय तो नदीत उतरत नाही."

"मंग म्हना ना."

मी तोंड उघडलं. मी शाळेच्या प्रार्थनेतही नुसते ओठ हलवणारी. पहिले चार सूर आले, खरंच आले, कुठून कोण जाणे. पाचवा आला तो चुकीचा होता, हे मलाही कळलं. मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. दरीत हाक मारल्यासारखी ती जागा माझ्यासमोर होती आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

टक, मागून आलं. घाई नव्हती त्यात.

आबांना पुसायचा पाण्याचा टब मी आधीच भरून जवळ ठेवला होता. तयारी माझी पूर्ण होती. मी न वळता हात मागे नेला आणि पाण्यात घातला. हळूच, एक पाय. मग जरा जोरात. गाणं राहू दे, पण घोडा तरी पलीकडे जाऊ दे, असं मला वाटलं असणार. पाणी खळखळलं.

फरशीवर करवंटी जोरात आपटली. एकदाच.

मी हात बाहेर काढला.

पाण्याचे थेंब बोटांवरून फरशीवर पडत राहिले. त्यांचा आवाज मोठा वाटत होता. मागे आबांचा श्वास चालू होता, संथ, धीराचा, झेंडी दाखवून झालेली आहे आणि पुढून शिट्टी यायची आहे अशा वेळचा. ऊन तबकडीवरून वर सरकलं. वळून त्यांच्याकडे बघावं असं मला फार वाटलं.

टक.

मी वळले नाही.